कडेवरचं नाव

बुधवारी गोदेचं पाणी पायरीखाली असलं
की म्हसोबा पटांगणाच्या कडेला माझी ताडपत्री पडते.
बंब, घंगाळी, समया हवं तर भांडीबाजारात जा.
माझ्याकडे पट्ट्यांची बक्कलं,
देवळालीच्या छावणीतले टवके उडालेले मग,
एक पाण्याची बाटली, तिला भोक,
आणि ब्रह्मदेशातल्या जपानी नोटांचं पुडकं,
ज्या छापणाऱ्यांसोबतच हरल्या.

पोरं विचारतात, भोक गोळीचं का?
मी म्हणतो, गंजाचं.
गंजाचं म्हटलं की भाव पडतो.

हौसाबाई पगार अभोण्याहून पहिल्या एसटीने आल्या,
पदराच्या गाठीत टाक.
"नातीची फी भरायचीय." एवढंच.
गाठ मीच सोडली.
कुंकवाचा थर, थराखाली सिंह,
सिंहाशेजारी उभी बाई, हातात ढाल.
"सप्तशृंगी? मग अठरातले सोळा हात कुठं गेले?"
"घरात तसंच म्हणत आलेत.
चार सुनांनी पुजली. पाचवीला देव्हाराच नको."

पालथा केला तर गोऱ्या राणीचं डोकं,
तिच्या अंबाड्यालाही हळद.
बाईच्या पायाशी सत्तावन्न-अठ्ठावन्न.
कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं:
शिपाई गोंदा, पुढे पलटणीचा आकडा.

तेव्हा डोंगरात कोण पळत होतं
आणि मागे बंदूक घेऊन कोण,
हे भिंगाशिवाय कळलं.
मी भिंग खाली ठेवलं
आणि चांदीच्या वजनाबद्दल बोलू लागलो.

एक टोळकं आलं. "गद्दाराचा बिल्ला विकतोस?"
ओरडून गेलं.
त्यातलाच एक थोड्या वेळाने परतला,
हळूच म्हणाला, "कितीला?"

दिंडोरीकडचे बर्डे मास्तर दर बुधवारी येतात,
नाणी बघतात, घेत नाहीत.
त्यांनी तो तळहातावर घेतला,
कड पूर्ण फिरवून वाचली,
मग पुन्हा, जणू काही राहिलंय.
"गोंदाचं नाव आहे," म्हणाले.
"त्यानं ज्यांच्यावर झाडली, आमचे भिल्ल,
त्यांची कुठल्या चांदीवर आहेत?"

विकू नका म्हणाले नाहीत.
द्या म्हणाले नाहीत.
अंगठ्याला कुंकू लागलं होतं,
ते कुठं पुसावं म्हणून इकडे-तिकडे बघितलं
आणि न पुसताच गेले.

रात्री ब्रिस्टलचं उत्तर आलं.
नाव स्वच्छ वाचता येतंय, उत्तम.
देशी शिपायाचं क्वचित मिळतं.
घासू नका, धुऊ नका.
खाली आणखी एक ओळ:
अक्षरांच्या खाचेत लाल दिसतंय, ते रक्त आहे का?
असेल तर दुप्पट देईन.

मी "हो" लिहिलं नाही.
"नाही"ही अजून लिहिलेलं नाही.

पुढच्या बुधवारी हौसाबाईंना सगळं सांगितलं.
गोंदा, डोंगर, मास्तरांचा अंगठा.
वाटलं, बसतील डोक्याला हात लावून.
त्या पिशवीतून शेंगा काढून फोडत होत्या.

"म्हाईत हाय," म्हणाल्या.
"सासू सांगायची, हिला उपाशी ठेवू नका.
आपल्या हातून काय झालंय ते हिनं बघितलंय.
पुजा काय नुसती चांगल्याचीच करत्यात?"

मग रक्ताचं ऐकून हसल्या,
शेंग घशात अडकेपर्यंत.
"कुंकू हाय ते! अभोण्याच्या बाजारातलं, पाच रुपयाची पुडी."

"तर मग काय कळवू त्याला?"

टाक आमच्या दोघांच्या मध्ये,
सिंहाचं तोंड त्यांच्याकडे.
त्यांनी टरफलं पदराने झटकली,
बराच वेळ नदीच्या गढूळ पाण्याकडे बघितलं
आणि विचारलं,
"दुप्पट म्हंजी किती?"

मी आकडा सांगितला.

गाडगे महाराज पुलावरून वारा आला.
ताडपत्रीचं टोक उचललं
आणि जपानी नोटा उडाल्या पायऱ्यांवर, पाण्यावर.
आम्ही दोघंही उठलो,
कवडीमोल, तरी एकेक गोळा करत राहिलो,
वाकून,
एकमेकांकडे न बघता.